इंग्लंडमध्ये नवीन आलात? एनएचएसचे उपचार कसे मिळतात आणि नकार कोण देतं

एनएचएस म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा. तिच्यासाठी व्हिसाच्या अर्जासोबत माणशी वर्षाला 1,035 पौंड हेल्थ सरचार्ज भरावा लागतो. विद्यार्थी आणि 18 वर्षांखालच्या मुलांसाठी तो 776 पौंड आहे, आणि हेल्थ अँड केअर व्हिसावर येणाऱ्यांना माफ. नवरा-बायको दोघं पाच वर्षांच्या व्हिसावर आले, तर विमानात बसायच्या आधीच दहा हजार पौंडांच्या वर रक्कम गेलेली असते. त्यामुळे पैसे भरलेत, आता उपचार मिळणार, अशी साधी अपेक्षा असते. मग गुडघा दुखतो म्हणून जीपीकडे, म्हणजे भागातल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, गेलं की तो फिजिओथेरपी सुचवतो, मुलाच्या टॉन्सिलसाठी गेलं की ‘अजून थांबू या’ म्हणतो, आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘इथले डॉक्टर काही करतच नाहीत’ ही चर्चा सुरू होते.

कुठला उपचार सरकारी पैशातून द्यायचा, हे पुष्कळदा समोरच्या डॉक्टरच्या हातात नसतं. ते ठरवणारी मंडळी वेगळ्या कचेरीत बसतात. त्यांचे नियम लेखी असतात आणि कोणालाही वाचता येतात. ते नियम कुठं शोधायचे आणि नकार आल्यावर कोणाला काय विचारायचं, एवढं कळलं तरी बरीच पायपीट वाचते. पुढचं सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधली एनएचएस वेगळी चालते. तिथं प्रिस्क्रिप्शनचेही पैसे पडत नाहीत.

पहिलं काम: जीपीकडे नाव घाला

घर मिळालं की त्याच आठवड्यात जवळच्या जीपी प्रॅक्टिसमध्ये नोंदणी करा. आजारी पडायची वाट पाहू नका. फॉर्म ऑनलाइन भरता येतो किंवा रिसेप्शनवर कागदी मिळतो. पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट, व्हिसा यांपैकी काहीही दाखवणं कायद्यानं बंधनकारक नाही. प्रॅक्टिस मागू शकते, पण केवळ कागद नाहीत म्हणून नाव नाकारू शकत नाही. नाकारलंच, तर 14 दिवसांत लेखी कारण द्यावं लागतं. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, वीजबिल घरमालकाच्या नावावर असलेल्या मुलांना रिसेप्शनवरून परत पाठवल्याचं अजूनही ऐकू येतं. अशा वेळी नियम शांतपणे सांगा आणि नकार लेखी मागा. बहुतेक वेळा तिथंच काम होतं.

नोंदणी झाली की दहा आकडी एनएचएस नंबर मिळतो. एनएचएस अॅप फोनवर घ्या. रिपोर्ट, औषधं, हॉस्पिटलची पत्रं, बहुतेक सगळं त्यात दिसतं. दीर्घकाळच्या औषधांची यादी भारतातल्या ब्रँडच्या नावानं देऊ नका, मूळ औषधाचं नाव लिहा, कारण आपल्याकडची बरीच ब्रँडनावं इथं कोणी ऐकलेलीही नसतात. इंग्रजीत बोलताना अडत असेल, विशेषतः सोबत वयस्कर माणूस असेल, तर अपॉइंटमेंट घेतानाच दुभाषा मागा. त्याचे पैसे पडत नाहीत. सुनेनं सासऱ्यांच्या लघवीच्या तक्रारी भाषांतर करून सांगायच्या, हा प्रकार दोघांनाही अवघड आणि डॉक्टरलाही नकोसा असतो.

अपॉइंटमेंटसाठी सकाळी आठला फोन लावून रांगेत राहणं हा इथला जुना जाच. 1 ऑक्टोबर 2025 पासून मात्र प्रॅक्टिसनं कामाच्या पूर्ण वेळात, म्हणजे सकाळी 8 ते संध्याकाळी 6:30, ऑनलाइन विचारणा सुरू ठेवायची असा नियम आहे. तोच मार्ग वापरा.

जीपी सोडून आणखी दारं आहेत. घसा, सायनस, लहान मुलाचा कान, बायकांचा साधा युरिन इन्फेक्शनचा त्रास, अशा सात तक्रारींवर जानेवारी 2024 पासून औषधाच्या दुकानातला फार्मसिस्टच तपासून गरज पडली तर अँटिबायोटिक देऊ शकतो. रात्री-अपरात्री काय करावं कळत नसेल तर 111 या एनएचएसच्या सल्ल्याच्या नंबरवर फोन करा. छातीत कळ, श्वास लागणं, तोंड वाकडं होणं, यांसाठी थेट 999 वर फोन करून अँब्युलन्स मागवा.

औषधांचे पैसे, आणि अनेकांना ठाऊक नसलेली सूट

इंग्लंडमध्ये प्रिस्क्रिप्शनवरच्या प्रत्येक औषधाला 9.90 पौंड पडतात (हा 2025 चा दर). औषध दोन पौंडांचं असो की दोनशेचं, दर तोच. महिन्याला दोन-तीन औषधं लागत असतील तर 114.50 पौंडांचं वार्षिक प्रीपेमेंट सर्टिफिकेट घ्या, म्हणजे वर्षभराचे पैसे एकदाच आगाऊ भरले जातात.

त्याआधी एक तपासा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल, किंवा थायरॉइड कमी असल्यामुळे रोजची गोळी लागत असेल, तर तुम्हाला सगळीच औषधं मोफत आहेत, त्या आजाराची असोत वा नसोत. त्यासाठी जीपीकडून एफपी92ए हा फॉर्म भरून घ्यावा लागतो आणि मेडिकल एक्झेम्प्शन सर्टिफिकेट मिळतं. आपल्या लोकांत हे दोन्ही आजार घरोघरी, तरी वर्षानुवर्षं पैसे भरणारे भेटतात. ही आजारांची यादी 1968 ची आहे आणि तिच्यात फारसं तर्कशास्त्र शोधू नये: थायरॉइडच्या रुग्णाला खोकल्याचं अँटिबायोटिकही फुकट, आणि दम्याच्या रुग्णाला पंपाचेही पैसे. रक्तदाबही यादीत नाही. गरोदरपणी आणि बाळंतपणानंतर 12 महिने सूट असते, तिचंही सर्टिफिकेट मागून घ्यावं लागतं. सर्टिफिकेट हातात नसताना दुकानात ‘मला सूट आहे’ यावर खूण केली तर नंतर दंडाचं पत्र येऊ शकतं.

पैसे कोण देतं

आता मुख्य भाग. महाराष्ट्रात महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचारांची ठरलेली यादी आहे: यादीत नाव असेल तर योजनेतलं हॉस्पिटल ते करतं. एनएचएसमध्ये अशी एक यादी कुठंच नाही. तिथं कमिशनिंग चालतं. एखाद्या भागातल्या लोकांना कोणत्या सेवा लागतील, त्या कोणाकडून घ्यायच्या, कोणत्या अटींवर आणि किती पैशांत, हे ठरवून करार करायचा आणि कामावर नजर ठेवायची, असं ते काम आहे. हॉस्पिटल सेवा पुरवतं, कमिशनर ती विकत घेतो. तुमचा जीपीसुद्धा सहसा सरकारी नोकर नसतो. त्याची प्रॅक्टिस स्वतंत्र असते आणि तिला करारानुसार पैसे मिळतात.

हे विकत घेणारे हात तीन ठिकाणी आहेत.

बहुतेक रोजच्या गोष्टी, म्हणजे हॉस्पिटलमधली नेहमीची ऑपरेशनं, मानसिक आरोग्य, प्रसूती, जीपी, दातांचे डॉक्टर, हे इंटिग्रेटेड केअर बोर्ड, म्हणजेच आयसीबी पाहतं. 1 जुलै 2022 ला अशी 42 बोर्डं अस्तित्वात आली. त्याआधी 2013 पासून क्लिनिकल कमिशनिंग ग्रुप होते, त्याआधी प्रायमरी केअर ट्रस्ट. दहाएक वर्षांनी दारावरची पाटी बदलायची ही इथली रीतच दिसते. मार्च 2025 मध्ये पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी एनएचएस इंग्लंड ही मध्यवर्ती संस्थाच बंद करून आरोग्य खात्यात विलीन करण्याची घोषणा केली, आणि बोर्डांनाही खर्च निम्म्यावर आणायला सांगितलं गेलं. त्यामुळे शेजारची बोर्डं एकमेकांत मिसळताहेत. तुमच्या बोर्डाचं आजचं नाव काय, हे दर वेळी नव्यानं तपासा.

अवयव प्रत्यारोपण, दुर्मीळ जनुकीय आजार, लहान मुलांचा कर्करोग असे थोड्या लोकांना लागणारे आणि महागडे उपचार देशपातळीवरून ठरतात. यांतल्या काही सेवांची जबाबदारी अलीकडे बोर्डांकडे गेली आहे, पण धोरण देशभर एकच असतं. तिसरा हात स्थानिक कौन्सिलचा: लैंगिक आरोग्याची क्लिनिकं, दारू-ड्रग्ज सोडवण्याच्या सेवा, बाळाला बघायला घरी येणारी हेल्थ व्हिजिटर, आणि 40 ते 74 वयात पाच वर्षांनी एकदा होणारी हेल्थ चेक, या सगळ्याचे पैसे कौन्सिलकडून येतात.

तुमचं बोर्ड कुठलं, हे तुमचा जीपी कुठं आहे त्यावर ठरतं. ही बारीकशी गोष्ट फार महत्त्वाची आहे. 2022 च्या रचनेत लंडनमधले हॅरो आणि हाउन्सलो हे भाग एका बोर्डात होते, आणि हाउन्सलोपासून काही मैलांवरचं स्लाउ दुसऱ्या. एकाच कंपनीत शेजारी बसणाऱ्या दोघांना एकाच आजारावर वेगळी उत्तरं मिळू शकतात, आणि दोन्ही नियमानुसार. इथले लोक याला वैतागून ‘पोस्टकोड लॉटरी’ म्हणतात. कोणत्या रुग्णाचा खर्च कोणत्या कमिशनरनं उचलायचा यासाठी ‘हू पेज?’ नावाची अधिकृत नियमावली आहे. ती लागावी इतके वाद होतात, यातच काय ते आलं.

नाइस: बांधील काय आणि सल्ला काय

1999 साली स्थापन झालेली नाइस ही संस्था औषध किंवा उपचार किती उपयोगी आहे आणि त्याला किती पैसे मोजणं योग्य, हे तपासते. माप असं: त्या उपचारानं चांगल्या प्रकृतीचं एक वर्ष मिळायला किती खर्च येतो? बरीच वर्षं 20,000 ते 30,000 पौंडांच्या आसपास ही मर्यादा होती. ती 25,000 ते 35,000 वर नेण्याचं सरकारनं डिसेंबर 2025 मध्ये जाहीर केलं. माणसाच्या वर्षाला किंमत लावायची हे पहिल्यांदा ऐकताना अंगावर येतं. पण पैसा मर्यादित असला की असा हिशेब सगळीकडे होतो. इथं तो उघड्यावर, कागदावर होतो, आणि मला ते बरं वाटतं.

नाइसची कागदपत्रं मुख्यतः दोन जातींची असतात आणि सगळा गोंधळ इथंच होतो. ‘टेक्नॉलॉजी अप्रेझल’मध्ये औषधाची शिफारस झाली, तर एनएचएसला त्याचे पैसे द्यावेच लागतात, सहसा तीन महिन्यांच्या आत. तुमच्या डॉक्टरला ते योग्य वाटत असेल, तर तो तुमचा हक्क आहे. ‘गाइडलाइन’ मात्र सल्ला असतो. बोर्डानं तो विचारात घ्यायचा, पाळलाच पाहिजे असं नाही.

आयव्हीएफचं (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराचं) उदाहरण घ्या. गाइडलाइन सांगते की 40 वर्षांखालच्या, दोन वर्षं प्रयत्न करून मूल न झालेल्या बाईला तीन पूर्ण सायकल (उपचाराच्या फेऱ्या) द्याव्यात. प्रत्यक्षात अनेक बोर्डं एकच देतात, आणि शिवाय वजन, सिगारेट, जोडीदाराला आधीच्या लग्नातून मूल आहे का, अशा स्वतःच्या अटी घालतात. नव्यानं आलेल्या जोडप्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची: ऑगस्ट 2017 पासून हेल्थ सरचार्जमध्ये आयव्हीएफसारखे उपचार येतच नाहीत. कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळेपर्यंत इंग्लंडमध्ये त्याचे पैसे भरावे लागतात. बाळंतपण मात्र सरचार्जमध्ये येतं. पस्तिशीतल्या जोडप्यानं हे गणित भारतातून निघायच्या आधी मांडलेलं बरं.

बांधील निर्णयालाही वळसा मिळू शकतो. वजनासाठीच्या मौंजारो या इंजेक्शनला नाइसनं डिसेंबर 2024 मध्ये मान्यता दिली. पण पात्र लोक इतके, की एकदम सगळ्यांना देणं झेपणार नाही म्हणून टप्प्याटप्प्यानं, बारा वर्षांपर्यंत, द्यायची परवानगी मिळाली. जून 2025 पासूनच्या पहिल्या टप्प्यात बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचं माप) किमान 40 हवा होता, आणि सोबत टाइप 2 मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, कोलेस्टेरॉलचा बिघाड, झोपेत श्वास अडकणं या पाचांपैकी चार आजार. दक्षिण आशियाई माणसासाठी बीएमआयची मर्यादा 37.5 धरली, कारण आपल्यात कमी वजनावरही धोका जास्त असतो. जीपीकडे बोलताना आपला वंश नोंदवलेला आहे ना, हे पाहा.

मुलाच्या टॉन्सिलचंही असंच. ऑपरेशनला देशभर सारख्याच अटी आहेत: एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं पाच-पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षं तीन-तीन वेळा घसा चांगलाच धरलेला असावा आणि त्याची नोंद हवी. भारतात ज्यावर लगेच तारीख मिळते, त्यावर इथं मोजदाद होते. म्हणून प्रत्येक वेळी घरीच हळद-दूध देऊन भागवलं तर तो आजार कागदावर झालेलाच नसतो. हळद-दूध द्या, पण अॅपवरून कळवून नोंदही होऊ द्या.

रेफरल मिळाल्यावर

जीपीनं तज्ज्ञाकडे पाठवायचं ठरवलं, की हॉस्पिटल निवडायचा हक्क तुमचा आहे. दुसऱ्या शहरातलं चालतं, आणि एनएचएसशी करार असलेलं खाजगी हॉस्पिटलही चालतं. पैसे एनएचएसच भरते. तातडीच्या उपचारांना हा हक्क लागू नाही. जीपी बहुधा सवयीनं जवळच्या हॉस्पिटलचं नाव टाकतो. तुम्ही विचारा: कुठं किती थांबावं लागतं? ‘माय प्लॅन्ड केअर’ या सरकारी वेबसाइटवर हॉस्पिटलनुसार अंदाज मिळतो. तीस मैल जास्त जायची तयारी असली तर कधीकधी कित्येक महिने वाचतात.

नियम असा की रेफरलपासून 18 आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत. शंभरातल्या 92 रुग्णांबाबत हे पाळायचं उद्दिष्ट 2016 नंतर गाठलेलं नाही. सरकारनं ते मार्च 2029 पर्यंत परत गाठायचं ठरवलं आहे. तरी 18 आठवडे उलटले की हॉस्पिटलला किंवा बोर्डाला लिहून दुसरीकडे सोय मागायचा हक्क तुम्हाला आहे. कॅन्सरची शंका असेल तर गोष्ट वेगळी: 28 दिवसांत आहे की नाही ते कळवायचं असतं. त्या तपासणीची अपॉइंटमेंट भारतात लग्न आहे म्हणून पुढे ढकलू नका.

नकार आला तर

आधी नकार कुठल्या जातीचा ते ओळखा. ‘तुमच्यासाठी हे योग्य वाटत नाही’ हा वैद्यकीय नकार. त्यावर दुसऱ्या डॉक्टरचं मत मागता येतं. ‘आमच्याकडे हे देत नाहीत’ किंवा ‘फंडिंग नाही’ हा कमिशनरचा नकार. दोन्ही नकार एकाच सौम्य आवाजात दिले जातात, त्यामुळे फरक विचारल्याशिवाय कळत नाही. दुसऱ्या प्रकारात एवढंच विचारा: कोणत्या बोर्डाचं कोणतं धोरण, आणि त्यातली कोणती अट मी पूर्ण करत नाही? धोरणं बोर्डाच्या वेबसाइटवर असतात. ती उघडून अटी एकेक करून वाचा. काही उपचार ‘प्रायर अप्रूव्हल’वर असतात, म्हणजे अटी पूर्ण होताहेत हे डॉक्टरनं आधी कळवायचं. तिथं नकार अनेकदा अपुऱ्या माहितीमुळे येतो आणि पुरेशी माहिती दिली की सुटतो.

अटीत बसतच नसाल तर ‘इंडिव्हिज्युअल फंडिंग रिक्वेस्ट’, म्हणजे एकट्या रुग्णासाठी खास मागणी, हा मार्ग उरतो. अर्ज रुग्ण करत नाही, डॉक्टर करतो, शक्यतो तो आजार पाहणारा तज्ज्ञ. आणि त्यात सिद्ध काय करायचं असतं, हे नीट समजून घ्या. गरज आहे हे सांगून भागत नाही. तोच आजार, त्याच टप्प्यावर असलेल्या इतर रुग्णांपेक्षा तुम्ही वैद्यकीयदृष्ट्या वेगळे आहात आणि म्हणून तुम्हाला फायदा जास्त होईल, हे दाखवावं लागतं. घरात लहान मुलं आहेत, नोकरी जाईल, आई-वडील अवलंबून आहेत, यातलं काहीच धरलं जात नाही. हे कठोर वाटतं, पण कारण समजण्यासारखं आहे: मुलं असलेल्याला द्यायचं आणि एकट्या माणसाला नाही, असं सरकारी पैशात करता येत नाही. तुमच्यासारखे आणखी वीसजण असतील तरीही अर्ज पडतो, कारण मग तो धोरण बदलायचा विषय होतो. बहुतेक अर्ज भावनेवर लिहिलेले असल्यामुळे वाया जातात. डॉक्टरला दोन मुद्दे पुरवा: आधी कोणते उपचार झाले आणि ते का चालले नाहीत, आणि नेहमीचा उपचार तुमच्या बाबतीत का करता येत नाही.

वागणूक, उशीर, हरवलेलं रेफरल अशा तक्रारींसाठी हॉस्पिटलात पॅल्स नावाचा विभाग असतो. तिथून पुष्कळ गोष्टी फोनवर मिटतात. नाही मिटल्या तर 12 महिन्यांच्या आत लेखी तक्रार हॉस्पिटलकडे किंवा बोर्डाकडे, दोन्हीकडे एकदम नाही. उत्तर पटलं नाही तर पार्लमेंटरी अँड हेल्थ सर्व्हिस ओंबुड्समन, म्हणजे तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे.

पुण्यात काढलेला एमआरआय

सुट्टीत भारतात जाऊन तपासण्या करून येणारे पुष्कळ. रिपोर्ट आणा, सीडी आणा, पण जीपीनं तो तसाच धरून पुढची कारवाई करायला हवी असं बंधन नाही. तो स्वतःच्या निकषांवर रेफरल ठरवेल. तिथल्या किंवा इथल्या खाजगी डॉक्टरनं सुरू केलेलं औषध पुढे एनएचएसवर लिहून द्यायलाही जीपी नकार देऊ शकतो. काही औषधं स्थानिक यादीत फक्त हॉस्पिटलनं द्यायची असतात, काही तज्ज्ञानं सुरू करून मग लेखी समझोत्यानं जीपीकडे सोपवायची. मात्र खाजगी सल्ला घेतला म्हणून एनएचएसचा हक्क जात नाही. रांगेत तुमची जागा तुमच्या गरजेनुसार राहते.

आई-बाबा भेटीला येताहेत

त्यांनी व्हिजिटर व्हिसावर सरचार्ज भरलेला नसतो, आणि भारताशी ब्रिटनचा आरोग्यसेवेचा परस्पर करार नाही. जीपीला दाखवणं आणि इमर्जन्सी विभागातली तपासणी त्यांनाही मोफत आहे. तात्पुरती नोंदणी करून घ्या. पण इमर्जन्सीतून वॉर्डात भरती झाली, की तिथून पुढचं बिल लागतं, तेही एनएचएसच्या दराच्या दीडपट. तातडीचा उपचार पैशांवाचून अडवत नाहीत, बिल मागाहून येतं. 500 पौंड किंवा त्याहून जास्त रक्कम दोन महिने थकली तर ती गृहखात्याला कळवली जाते आणि पुढचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो. म्हणून प्रवासी विमा भारतातूनच काढा, आणि त्यात बाबांचा रक्तदाब, आईची शुगर, जुनी अँजिओप्लास्टी सगळं लिहा. आधीचे आजार वगळणारी स्वस्त पॉलिसी विमानतळावर दाखवायला चालते, हॉस्पिटलात चालत नाही. औषधंही पूर्ण मुक्कामाची आणि वर पंधरा दिवसांची बरोबर असू द्या, मूळ पाकिटांत आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसह.